हलकी रायफल, भारी मारा: मधला धक्का कोण सोसतो?

केळीच्या बागेत रानडुकरांचा कळप शिरला, मक्यात रोह्यांनी रात्र काढली किंवा गिरणेच्या काठी बिबट्या दिसला, की गावात चार दिवस दुसरा विषय नसतो. ही बोलणी फिरून फिरून एकाच मागणीवर येतात: शासनाने चांगली बंदूक द्यावी, ती रात्रभर बांधावरून घेऊन फिरता येईल इतकी हलकी असावी आणि तिच्या एका बारात जनावर जागीच बसावे. मोबाइलवर परदेशातील शिकारीच्या चित्रफिती पाहणाऱ्या तरुणांना अशी रायफल असते हेही ठाऊक असते, कारण अडीच किलोची रायफल पाठीला लावून अलास्काचे डोंगर चढणारा आणि सहाशे किलोचा मूस (थंड प्रदेशातले प्रचंड हरीण) पाडणारा माणूस त्यांनी पाहिलेला असतो. अशी रायफल खरोखरच बनते. मात्र ती बनवताना कोणत्या गोष्टीच्या बदल्यात कोणती गोष्ट सोडावी लागते आणि आपल्या शेतात ती कितपत कामाची आहे, हे त्या चित्रफितीत दिसत नाही. बंदुकीचा परवाना मागणाऱ्याने आणि तो मागू पाहणाऱ्या गावानेही हा हिशेब आधी समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

गोळी, काडतूस आणि धक्का

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, पण येथे थोडा काटेकोरपणा हवा. काडतूस म्हणजे पितळी नळकांडे, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेला धातूचा तुकडा असा सगळा संच होय. उडून जाऊन जनावराला लागतो तो फक्त तोंडाचा तुकडा, आणि या लेखात गोळी म्हणजे तेवढेच. काडतुसे बनवण्याचे काम खानदेशाला नवे नाही, कारण भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीत सैन्याच्या रायफलींची काडतुसेच तयार होतात.

बार उडताना दस्ता खांद्यावर जो आघात करतो तो धक्का. त्याच्या मुळाशी संवेग नावाची राशी आहे. वस्तुमानाला वेगाने गुणले की संवेग मिळतो. जितका संवेग पुढे गेला तितकाच मागे आलाच पाहिजे, हा न्यूटनचा नियम आहे आणि त्यातून कोणत्याही कारखान्याची सुटका नाही.

वजन कमी केले की धक्का का वाढतो?

सावद्याच्या बाजारात केळीच्या घडांनी भरलेल्या हातगाडीवर उभे राहून कोणी एक घड जोराने पुढे फेकला, तर गाडी जेमतेम हलेल. तीच गाडी रिकामी असेल आणि घड तितक्याच जोराने फेकला, तर ती झपाट्याने मागे जाईल. रायफल म्हणजे ती गाडी, घड म्हणजे गोळी आणि गाडीच्या मागे उभा असलेला माणूस म्हणजे आपला खांदा.

आता आकडे पाहू. .३०-०६ (पहिला आकडा म्हणजे नळीचा सुमारे व्यास, इंचांत) हे १९०६ पासूनचे अमेरिकी काडतूस जगभर शिकारीसाठी वापरले जाते. त्याची ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने बाहेर पडते आणि तिच्यात सुमारे ३,९०० जूल ऊर्जा असते. तिच्यासोबत साडेतीन ग्रॅमच्या आसपास दारूही वायू होऊन बाहेर पडते. त्या वायूचा वेग गोळीपेक्षाही जास्त असल्यामुळे धक्क्यातील जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या वायूचा असतो. हे सगळे मिळून चार किलोच्या रायफलीला सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे ढकलतात आणि खांद्याला सुमारे २४ जूल ऊर्जा सोसावी लागते. हेच काडतूस अडीच किलोच्या रायफलीतून उडवले, तर मागे येण्याचा वेग साडेपाच मीटरवर जातो आणि धक्का सुमारे ३९ जूल होतो. गोळी तीच आणि तिचा मारही तोच, पण रायफलीचे दीड किलो वजन कमी केल्याबद्दल खांद्याने दीडपटीहून अधिक मोल दिलेले असते.

आफ्रिकेतील अनेक देशांत हत्ती आणि रानरेडा यांच्यासाठी किमान म्हणून ठरवलेले .३७५ हॉलंड अँड हॉलंड हे काडतूस घेतले, तर चार किलोच्या रायफलीतही धक्का पन्नास जूलच्या पुढे जातो आणि तीन किलोच्या रायफलीत सत्तरच्या आसपास पोहोचतो. एवढा धक्का सरावाविना घेणाऱ्याचा खांदा दुसऱ्या दिवशी काळानिळा झालेला असतो. रायफलीवरच्या नेमाच्या दुर्बिणीच्या अगदी जवळ डोळा नेणाऱ्याच्या भुवईवर तर तिच्या काठाची अर्धगोल खोक उमटते, आणि परदेशातील शिकाऱ्यांत ही खूण इतकी परिचित आहे की पाहणाऱ्याला कारण विचारावे लागत नाही.

हलकी आणि तरीही ताकदवान: हे शक्य कधी झाले?

चाळीसगावहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या जेम्स औट्रमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली आणि इथल्या जंगलांत वाघांची भरपूर शिकारही केली. त्याच्या काळात बंदूक तोंडाकडून ठासायची आणि दारू काळी असे. काळ्या दारूने गोळीला सेकंदाला साडेचारशे-पाचशे मीटरच्या पलीकडे वेग देणे अवघड होते. वेग वाढत नसेल तर मार वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गोळी जाड आणि जड करणे. त्या शतकात हत्तीसाठी वापरलेल्या चार बोअरच्या (बोअरचा आकडा जितका लहान तितकी नळी रुंद) बंदुकींची गोळी शंभर ग्रॅमच्या पुढची असे. तिचा धक्का माणसाला झेपावा म्हणून बंदूक दहा किलोच्या आसपास ठेवावी लागे आणि ती वाहायला वेगळा गडी लागे.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिए याने बिनधुराची दारू तयार केली आणि दोन वर्षांत फ्रेंच सैन्याने ती वापरणारी लेबेल रायफल स्वीकारली. या दारूमुळे वेग वाढला, आणि येथेच सगळ्या विषयाची किल्ली आहे. गोळीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, पण संवेग मात्र दुप्पटच होतो. त्यामुळे जड आणि मंद गोळीऐवजी बारीक आणि वेगवान गोळी वापरली, तर तेवढीच ऊर्जा कमी धक्क्यात मिळते. आजची प्रत्येक हलकी शिकारी रायफल या एका फरकावर उभी आहे.

वजन काढतात कोठून?

पोलाद आणि अक्रोडाच्या लाकडाची जुन्या धाटणीची रायफल दुर्बिणीसह चार किलोच्या पुढेच जाते. वजन कमी करणारा कारागीर आधी दस्त्याकडे वळतो. लाकडी दस्ता एक किलोच्या आसपास असतो, आणि केव्हलार व कार्बनच्या धाग्यांचा तितकाच मजबूत दस्ता त्याच्या निम्म्या वजनात बसतो. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्स यांनी १९८० च्या दशकात अशा दस्त्याला काटछाट केलेल्या बोल्ट-यंत्रणेची (बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) जोड देऊन अडीच किलोच्या आतली रायफल करून दाखवली, आणि त्यानंतर हा प्रकार रूढ झाला. आता बोल्ट ज्यात सरकतो तो भाग टायटॅनियमचाही करतात, कारण पोलादाची घनता ७.८ असेल तर टायटॅनियमची साडेचारच आहे.

नळीशी मात्र फार खेळता येत नाही. .३०-०६ च्या काडतुसात दारू पेटल्यावर आत वातावरणाच्या चार हजार पट दाब तयार होऊ शकतो. तो चेंबरजवळच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाजवळच्या, पोलादाला झेलायचा असतो, म्हणून नळी बारीक करायची ती पुढच्या भागात. बारीक नळी लवकर तापते आणि तापलेली नळी नेम सरकवते. शिकारीत एक-दोनच बार उडत असल्यामुळे डोंगरातला शिकारी हा दोष चालवून घेतो, पण चांदमारीवर सलग दहा बार टाकणाऱ्याला तो लगेच जाणवतो. नळी आखूड केली तर दर इंचामागे सेकंदाला साधारण सहा ते नऊ मीटर वेग कमी होतो आणि आवाज कानाच्या आणखी जवळ येतो.

"धक्क्याचे काय एवढे? सवयीने सोसता येतो."

हा आक्षेप प्रत्येक बैठकीत निघतो. वरवर तो खरा वाटतो, कारण मजबूत माणसाला ४० जूलचा धक्का इजा करत नाही. अडचण वेगळीच आहे. गोळी नळीतून बाहेर पडते त्या क्षणापर्यंत रायफल दोन-तीन मिलिमीटरच मागे सरकलेली असते, म्हणून धक्क्याचा बराचसा भाग गोळी निघून गेल्यावर येतो आणि नेम फारसा बिघडवत नाही. नेम बिघडवते ती त्या धक्क्याची धास्ती. दोन-चार बारांनंतर मेंदू शिकतो की चाप ओढला की मार बसतो, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो आणि नळी खाली झुकते. हे इच्छेने थांबवता येत नाही. ज्याला ही खोड जडली आहे त्याच्या रायफलीत त्याच्या नकळत रिकामे काडतूस भरून द्यावे. चाप ओढताच बार न उडताही नळीचे टोक वीतभर खाली जाते आणि पाहणाऱ्याला सगळे कळते.

महाविद्यालयात एनसीसीत .२२ ची रायफल चालवलेल्यांना हा अनुभव नसतो, कारण तिला धक्का जवळजवळ नसतोच. पण नेम शिकायला ती उत्तम का, याचे कारणही तेच आहे. मोठ्या रायफलीची सवय करायची तर तिच्यावर मोजके बार आणि लहान रायफलीवर पुष्कळ बार, असाच क्रम जगभर चालतो. धक्का खाऊन खाऊन माणूस निर्भय होत नाही, बहुतेकदा धास्तीच वाढते.

"मोठ्या जनावराला मोठे काडतूस लागणारच ना?"

येथे थोडे थांबून विचार करायला हवा, कारण ऊर्जेचा आकडा मोठा म्हणजे मार मोठा हा समज फार खोल रुजला आहे. गोळी जनावराला ढकलून पाडत नाही. तसे असते तर तितक्याच संवेगाने बंदूक चालवणाराही पडला असता. जनावर पडते ते हृदय, फुप्फुसे किंवा मज्जासंस्था यांतून गोळी आरपार गेल्यामुळे, आणि तेथवर पोहोचायला तिला कातडी, चरबी, फरा आणि बरगड्या ओलांडाव्या लागतात. म्हणून खरा प्रश्न गोळी किती खोल जाते आणि जाताना अखंड राहते का, हा आहे.

वेगवान, मऊ शिशाची गोळी जवळून हाडावर आदळली तर फुटून विखुरते. १९४६ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जॉन नोस्लर या शिकाऱ्याला मूसच्या चिखलाने माखलेल्या खांद्यावर हाच अनुभव आला. त्यातून त्याने मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी बनवली, जिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा भाग अखंड राहून आत घुसतो. पुढे शिसे आणि तांबे एकमेकांना सांधलेल्या गोळ्या आल्या, नंतर संपूर्ण तांब्याच्या आल्या. मोठ्या जनावरासाठी हलकी रायफल विश्वासाची झाली ती या गोळ्यांमुळे. दस्त्यातल्या कार्बनचे श्रेय त्या मानाने थोडे आहे, असे माझे मत आहे.

गोळी नेमकी जागी लागली तर काय होते याची टोकाची उदाहरणे इतिहासात आहेत. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हस्तिदंतासाठी हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतील बहुसंख्य सात मिलिमीटरच्या, सौम्य धक्क्याच्या रायफलीने मारले. हत्तीची कवटी कापून त्याने मेंदूची जागा अभ्यासली होती आणि तो न पसरणारी कडक गोळी वापरत असे. त्या संहाराचे कौतुक करण्यासारखे काही नाही, पण शरीररचनेच्या ज्ञानापुढे काडतुसाचा आकार किती दुय्यम ठरतो हे त्यातून दिसते. जिम कॉर्बेट यांना चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ रिग्बी ही रायफलही त्याच सात मिलिमीटरच्या काडतुसाची. स्वीडनमध्ये तर १८९४ चे ६.५ मिलिमीटरचे काडतूस मूससाठी सर्रास वापरले जाते. त्याचा हिशेब मांडला तर तीन किलोच्या रायफलीतून त्याचा धक्का सुमारे २२ जूल भरतो, म्हणजे चार किलोच्या .३०-०६ पेक्षाही कमी. हलकी रायफल शहाणपणाने बांधायची तर ती अशा मध्यम काडतुसाभोवती बांधावी. हलक्या रायफलीत सर्वांत ताकदवान काडतूस कोंबणे हा चुकीचा मार्ग आहे.

याला मर्यादा नक्कीच आहे. आपल्याकडचा रोही १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील टेक्सासच्या कुरणांत सोडला गेला. तेथे आज त्याची शिकार चालते आणि ते शिकारी त्याला फार चिवट जनावर मानून .३०० मॅग्नमसारखी मोठी काडतुसे सुचवतात. दोनशे किलोच्या पुढचा नर, जाड कातडी आणि लांबचा बार असे तिन्ही जुळून आले की मध्यम काडतुसात चुकीला जागा उरत नाही. तेथे वजन वाढवून मोठे काडतूस घेणेच योग्य ठरते.

"नळीच्या तोंडाला ब्रेक बसवला तर?"

नळीच्या टोकाला छिद्रे असलेला तुकडा बसवून बाहेर पडणारा वायू बाजूला आणि थोडा मागे वळवतात. धक्क्यातला वायूचा हिस्सा त्यामुळे घटतो आणि मोठ्या दारूच्या काडतुसात एकूण धक्का तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक कमी होऊ शकतो. पण तो वायू आवाज घेऊन चालवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाकडे येतो. रायफलीचा आवाज ब्रेकशिवायही दीडशे डेसिबलच्या वर असतो, आणि १४० च्या पुढे एका बारातही कान कायमचा अधू होऊ शकतो. कान झाकल्याशिवाय ब्रेकची रायफल चालवणे म्हणजे खांदा वाचवून कान गमावणे. दस्त्याच्या बुडाला जाड रबर आणि दस्त्याची सरळ रेषा हे दोन उपाय आवाज न वाढवता काम करतात, म्हणून मला ते अधिक आवडतात.

"गावठी कारागीर हे स्वस्तात करणार नाही का?"

सातपुड्याच्या पायथ्याशी पकडल्या जाणाऱ्या गावठी हत्यारांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो, म्हणून हा प्रश्न निघतोच. उत्तर एका आकड्यात आहे, आणि तो आकडा म्हणजे वर सांगितलेला चार हजार पट दाब. तो झेलणारे पोलाद ठरावीक मिश्रणाचे आणि ठरावीक तापमानाला पाणी दिलेले असते, आणि प्रत्येक नळी जादा दाबाच्या काडतुसाने तपासून मगच तिच्यावर शिक्का बसतो. पाण्याच्या पाइपातून किंवा मोटारीच्या सळईतून केलेली नळी हा दाब आज झेलेल आणि उद्या चालवणाऱ्याच्या तोंडाजवळ फुटेल. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार तो गंभीर गुन्हाही आहे.

आपल्या शेतात ही रायफल काय करील?

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे हौसेची शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. कायद्याच्या कलम ११ मध्ये अपवाद आहेत. बिबट्या किंवा वाघ यांसारखा पहिल्या अनुसूचीतील प्राणी माणसांच्या जिवावर उठला आणि त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकच लेखी आदेश देऊ शकतात. चाळीसगाव तालुक्यात माणसे मारणाऱ्या बिबट्याला २०१७ च्या डिसेंबरमध्ये असाच अधिकृतपणे मारण्यात आले. रानडुक्कर आणि रोही यांच्यामुळे पिकाचे नुकसान होत असेल, तर राज्य शासनाच्या २०१५ च्या निर्णयानुसार शेतकरी वन विभागाकडे पारधीच्या परवानगीसाठी अर्ज करू शकतो. परवानगीविना केलेला एक बारही गुन्हा ठरतो.

परवानगी मिळाली तरी .३०-०६ ची गोळी जनावराला चुकली की कोठे जाते, याचा विचार करावा लागतो. योग्य कोनात उडालेली अशी गोळी चार किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. रावेर-यावलचा केळीपट्टा सपाट आहे, गोळी अडवायला डोंगर नाही आणि बागेत पाच-दहा पावलांपलीकडे दिसत नाही. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा पाणी भरायला सालदार बांधावर असतात, कोणी बॅटरी विझवून झोपलेला असतो, आणि पलीकडच्या बागेत कोण आहे याची अलीकडच्या माणसाला कल्पना नसते. अशा ठिकाणी लांब पल्ला हा रायफलीचा गुण राहत नाही, तोच तिचा सर्वांत मोठा धोका होतो. रानडुकराचा प्रश्न चाळीस पावलांच्या आतला असतो आणि त्या अंतरावर बारा बोअरची बंदूक पुरेशी असते. तिचे छर्रे काही शे मीटरांत दम सोडतात. बारसुद्धा माचाणावरून, खालच्या दिशेने, म्हणजे चुकलेला मारा मातीत जाईल अशा बेताने टाकावा.

परवानाधारकाला मिळू शकणाऱ्या रायफलींत .३१५ ही देशी बनावटीची रायफल नेहमी दिसते. .३०३ आणि ७.६२ सारखी सैनिकी काडतुसे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. परदेशी हलक्या रायफलींची स्वप्ने पाहण्याआधी, जी रायफल हातात येणार आहे तिचा दस्ता आपल्या हाताच्या लांबीला बसतो का, हे पाहावे. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे बूड कोपराच्या वळणात टेकवले असता पहिले बोट चापापर्यंत सहज पोहोचले पाहिजे. दस्ता लांब असेल तर तो खांद्याऐवजी दंडावर बसतो आणि तीच रायफल दुप्पट मारते असे वाटते. आखूड असेल तर अंगठ्याचे हाड नाकावर येते. सुताराकडून दस्ता दोन बोटे कापून घेणे आणि बुडाला रबर लावणे याला थोडाच खर्च येतो. परवान्यासाठी शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे जे सुरक्षा प्रशिक्षण घ्यावे लागते, तेथेच प्रशिक्षकाकडून हे माप तपासून घ्यावे.